सातव्या आणि बाराव्या दिवसाच्या मध्ये

खाला, तिचं नाव मी विसरले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. ते नाव दोघींनाच माहीत होतं, तुम्हाला आणि मला. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं तरी झाली असतील, आणि माझ्या डोक्यातून ते गेल्या वर्षी झटका आला तेव्हा गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी झाली होती, ती विरघळली, आजी तुम्ही नशीबवान. मी मान हलवली. नशिबाचं त्याला काय सांगणार, माझ्या नातवाच्या वयाचं पोर ते. आता असं ठरवलंय की त्या दिवसांचं सगळं एकापुढं एक लिहून काढायचं, तुमच्यापाशी बसून सांगितल्यासारखं. घरात किल्ली हरवली की आपण नाही का आठवत जातो, आधी कुठं गेलो, मग कुठं बसलो, हातात काय होतं. तसं जाता जाता नाव आपोआप तोंडावर येईल, अशी आशा आहे.

मी लग्न होऊन औरंगाबादच्या छावणीत आले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. छावणीच्या बाजारामागं भाड्याच्या खोल्यांची ती बैठी रांग, मागं सगळ्यांचं मिळून एक अंगण आणि एक नळ. आमच्या खोलीला लागून तुमची खोली. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला बजावलं, "त्या बाईकडचं पाणी प्यायचं न्हाई." सासूबाईंच्या धाकट्या भावाला रझाकारांनी घरातून ओढून नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. तुमच्या गावात पुढं पोलीस ॲक्शन झाली त्याच आठवड्यात तुमच्या मालकांना आणि दोन्ही मुलांना माणसं शेताकडं घेऊन गेली, तेही परत आले नाहीत. मोठा मिसरूड फुटलेला, धाकटा अजून गोट्या खेळणारा, असं तुम्ही एकदाच बोलला होतात. तुम्ही एकट्या भावाच्या आधारानं शहरात आलात, आणि पुढं भाऊही गेला. दोन्ही घरांना एकमेकांचं हे सगळं ठाऊक होतं. तरी नळावर बादली मागंपुढं करण्यापलीकडं कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

बोलणं सुरू झालं ते काजांमुळं. तुम्ही बाजारातल्या फौजी कपडे शिवणाऱ्या दर्ज्याकडून खाकी शर्टांचे गठ्ठे आणायच्या, ओसरीवर बसून एकेका शर्टाची काजं करायच्या, बटणं लावायच्या. सासूबाईंनी पाणी नको म्हटलं होतं, काम नको म्हटलं नव्हतं. मी मोकळी बसलेली त्यांना पाहवत नसे. म्हणून एक दिवस मीही सुई घेऊन तुमच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसले, वर नाही, पायरीवर. तुम्ही मला काज शिकवलं. आधी चीर बारीक, मग कडेनं टाके, टाका ओढताना दोरा अंगठ्यानं दाबून धरायचा. मी दोरा दातानं तोडला म्हणून तुम्ही माझ्या हातावर चापट मारली होती. "कातर काय शोभेला ठेवली व्हय? फौजी माणसाच्या छातीवर तुझी थुंकी जाणार का?" मी रडवेली झाले. मग तुम्ही तोच शर्ट उसवून माझ्याकडून पुन्हा करून घेतला. आजही कुणी दातानं दोरा तोडताना दिसलं की माझा हात पुढं होतो.

त्या वर्षी मला दिवस गेले होते. सातवा लागला तशी ओसरीवर दुसरी गोष्टच निघेना, सगळ्या बायका नावांवर. छावणीत तर मुलूखभरची माणसं. पलीकडच्या रांगेतल्या सुभेदाराची बायको मद्रासकडची, ती मोडक्या हिंदीत सांगायची की त्यांच्यात पहिल्या मुलाला आजोबांचं नाव मिळतं. म्हणजे तिच्या सासऱ्यांचं. सुनेनं सासऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं, त्यामुळं तिनं स्वतःच्या पोराला आठ वर्षांत एकदाही नावानं हाक मारलेली नव्हती. सरदारणीनं सांगितलं, ग्रंथसाहेब उघडायचा, पान निघेल त्यावरचं पहिलं अक्षर घ्यायचं. दवाखान्यातली ख्रिस्ती नर्स म्हणाली, ज्या संताच्या दिवशी जन्म त्याचं नाव. मी आमचं सांगितलं, पंचांगातलं अक्षर, बाराव्या दिवशी बारसं, आणि मान आत्याचा, तिनं बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या. तुम्ही काजावरची नजर न काढता म्हणालात, "आमच्यात बाळ झाल्या झाल्या कानात अजान देत्यात. सातव्या रोजी अकीका, डोक्यावरचे बाल काढायचे अन् नाव ठेवायचं. आमच्यातबी फुफीच पुढं पुढं करती." मी सहज विचारलं, मग आईला कोण विचारतं? सगळ्या हसल्या. कुणाच्यातच विचारत नव्हते. मीही हसले होते, हे आता लिहिताना आठवलं.

मुलगी झाली. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पाचवी पुजली, सटवाईपुढं दिवा लावला, वरवंट्याला कुंकू लावलं. मात्र बाराव्यापर्यंत कुणी तिला कुठल्याही नावानं हाक मारायची नाही, लाडाचंसुद्धा नाव नको, अशी ताकीद होती. त्या स्वतः 'ते' म्हणायच्या. ते उठलं का, ते प्यालं का. मी मनातल्या मनातही नाव ठेवलं नाही, भीती वाटायची. माझ्या नणंदेला जालन्याहून बाराव्याला यायचं होतं, पाळणा एका घरून मागून आणला होता, घुगऱ्यांचे हरभरे निवडून झाले होते. आठव्या दिवशी संध्याकाळी ती दूध ओढेना. मग जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं ताठ व्हायला लागलं. डॉक्टर आले आणि दारातूनच यजमानांना बाजूला घेऊन बोलले. नवव्या दिवशी सकाळी ती गेली.

यजमान आणि शेजारचे एक जण तिला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. आल्यावर दोघांनी नळाखाली आंघोळ केली. बारशाआधी गेलेल्या लेकराचं सुतक आंघोळीपुरतंच असतं, तेवढ्यात सगळं फिटलं. मी विचारलं, कुठं? ते म्हणाले, नाल्यापलीकडं. नाल्यापलीकडं कुठं, ते त्यांनी पुढं कधीही सांगितलं नाही, आणि आता तेही नाहीत. पाळणा परत गेला. हरभरे दुसऱ्या दिवशी उसळीला वापरले. माझी छाती दुधानं दगड झालेली, चोळी भिजायची, आणि मी हुंदका दिला की सासूबाई म्हणायच्या, "नावसुदीक पडलं नव्हतं. कुणाच्या नावानं रडती?" त्या काही दुष्ट नव्हत्या. त्यांची स्वतःची दोन अशीच गेलेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

बारावा दिवस आला. सासूबाई दर्शनाला गेल्या होत्या, यजमान कामावर. मी चुलीपुढं बसलेय, भाकरी थापायची म्हणून पीठ परातीत घेतलंय आणि हात तसाच पिठात. तुम्ही आत आलात. खाला, त्याआधी तुम्ही आमचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. तुम्ही उभ्यानंच विचारलंत, "आज बारावा ना गं?" मी मान हलवली. "काय ठेवणार होते?" मी म्हटलं, माहीत नाही, वन्सं ठेवणार होत्या. "तुला काय ठेवायचं होतं?" मी म्हटलं, मला कुणी विचारलं नव्हतं.

तुम्ही खाली बसलात. गुडघे कुरकुरले. मग म्हणालात, "आमच्यात असती तर सातव्या रोजी नाव पडलं असतं. नाव घेऊन गेली असती. कयामतला एकेकाला नावानं बोलावत्यात, पोरी. नाव नसलेलं लेकरू काय करंल? उभंच राहील. अन् तू तिथं गेल्यावर तिला हाक कशी मारशील? तिथं काय लेकरं थोडी असतील?" मला तुमची कयामत माहीत नव्हती, आमच्यात मेल्यावर कुठं कोण भेटतं तेही मला धड माहीत नव्हतं. मी म्हटलं, खाला, आता कुणाच्या कानात सांगणार? तुम्ही म्हणालात, "तुझा कान हाय ना. नऊ म्हैने तुझ्याच कानानं ऐकत होती ती. फुफी नाय आली, तर मी हाय फुफी." तुम्ही माझं डोकं दोन्ही हातांत धरलंत, बोटांना सुईनं पडलेले घट्टे गालाला लागले, आणि उजव्या कानाशी तोंड आणून नाव सांगितलंत. तीनदा. तुमच्या श्वासाला लवंगेचा वास होता. मी काय केलं असेल, तर पिठाच्या हातानं तुमच्या पाठीत हळूच बुक्की मारली, बारशात आत्याला मारतात तशी. तुम्ही दचकलात. मग तुम्हाला कळलं, आणि आपण दोघी परातीवर वाकून रडलो. तुमच्या काळ्या ओढणीवर माझ्या मुठीचं पीठ तसंच राहिलं होतं. जाताना तुम्ही एवढंच म्हणालात, "रोज एकदा घेत जा. मोठ्यानं नको. मनात."

इथं ते यायला हवं होतं. मी इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवून बसले. वास आठवतो, घट्टे आठवतात, चुलीतलं लाकूड ओलं होतं तेही आठवतं. ते नाव ऐकून मला वाटलेलं आश्चर्यसुद्धा आठवतं, कारण ते तुमच्यातलंही वाटत होतं आणि आमच्यातलंही. पण नाव येत नाही.

पुढच्या वर्षी मुलगा झाला, आणि मग जे झालं ते तुम्ही विसरला नसाल. सासूबाईंची झोप उडाली होती. पोरं जगत नसली की नव्या पोराला दगड, केर असलं काहीतरी नाव ठेवतात, मरणाला किळस यावी म्हणून. किंवा मग ते दुसऱ्याला देऊन टाकतात आणि मूठभर कोंड्यावर परत विकत घेतात, म्हणजे मरण चुकीच्या घराचा पत्ता घेऊन फिरत राहतं. सासूबाईंनी हे दुसरं केलं. सुपात कोंडा घेतला, एका हातावर तो तीन दिवसांचा गोळा, आणि ज्या घरचं पाणी नको होतं त्या घराच्या ओसरीवर चढल्या. मी बाळंतिणीच्या खाटेवरून खिडकीतून बघत होते. त्यांनी पोर तुमच्या मांडीवर ठेवलं. "हे तुझं. मी आता कोंडा देऊन घेती." तुम्ही पोराकडं बघितलंत, हात लावला नाहीत. "माझ्या मांडीवर मौत कशी चुकंल, बाई? ती तर माझ्याच घरी आल्ती." सासूबाई म्हणाल्या, "म्हणून तर. तुझ्याकडचं समदं नेऊन झालंय तिचं. आता तिकडं बघायची नाय ती."

असं बोलतं का कुणी कुणाला, खाला. माझे कान तापले होते. पण सासूबाईंनी सूप खाली ठेवून तुमच्यापुढं हात जोडले.  तुम्ही मग पोराला उचललंत, छातीशी धरलंत, डोळे मिटलेत. सासूबाईंनी कोंडा पुढं केला तरी तुम्ही पोर देईनात. विधीला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तुम्ही त्याला धरून बसला होतात, आणि सासूबाई, त्या हट्टी बाई, गपचूप उभ्या राहिल्या. शेवटी तुम्ही त्याला एक अगदी गावठी नाव दिलंत, कोंड्यावरूनच, आणि परत केलंत. तो कोंडा तुम्ही टाकून दिला नाहीत. दुसऱ्या दिवशी आपल्या अंगणात येणाऱ्या गाईला तो घातलात. तो जगला. साठी उलटून गेली, मधुमेह आहे, चिडका आहे, कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण घरात अजून सगळे त्याला तुमच्याच नावानं हाक मारतात. त्या दिवसापासून सासूबाईंनी पाण्याचा विषय काढला नाही. तुमच्याकडचं प्याल्या मात्र कधीच नाहीत.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा आम्ही गारखेड्याला राहायला गेलो होतो. मी भेटायला आले. तुम्हाला ग्लानी होती. तुम्ही मालकांचं नाव घेत होतात, मग मोठ्याचं, मग धाकट्याचं, आणि चौथं तिचं. एका दमात, एका घरातली माणसं असल्यासारखी. उशाशी बसलेली तुमची भाची मला म्हणाली, चौथी कोण, आम्हाला तर ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. वाटलं, सांगितलं तर ती आपल्या दोघींची राहणार नाही. आता वाटतं सांगायला हवं होतं, म्हणजे भाचीनं ते नाव लक्षात ठेवलं असतं, निदान ती असेल तिथं जाऊन विचारता आलं असतं. तुम्हाला नेलं तेव्हा बायका दारापर्यंतच आल्या, मी त्यांच्यात उभी होते.

त्यानंतर एवढी वर्षं रोज सकाळी कणीक मळताना मी ते नाव मनात घेत आले. सण असो, तापात असो, मुलाचं लग्न असो. मग गेल्या वर्षी एका सकाळी हातातली परात पडली, आणि मी बोलू लागले ते भलतंच. चमच्याला दार म्हणायची. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, आजी, आपण कोणत्या गावात आहोत? मी म्हटलं, छावणी. मुलगा म्हणाला, अहो औरंगाबाद म्हणायचंय तिला. नातू म्हणाला, बाबा, आता संभाजीनगर. दोघांचं तिथंच जुंपलं, आणि डॉक्टरनं दोन्ही नावं मला शिकवायला सांगितलं. नातसून गुणी आहे. पुंडलिकनगरच्या घरी तिनं रोज मोबाईलवर एकेकाचा फोटो दाखवून नावं घोकून घेतली. हे कोण? हे कोण? नवऱ्याचं नाव मी जन्मात कधी घेतलं नव्हतं, तेही तिनं माझ्याकडून वदवून घेतलं. अशी सगळी नावं परत आली, कारण कुणीतरी ती रोज माझ्या कानावर घातली. माझ्या त्या लेकीचा फोटो नाही. तिचं नाव माझ्या कानावर कोण घालणार?

मी प्रयत्न केला नाही असं नाही. गॅलरीत बसून क, ख, ग करत एकेक अक्षर लावून पाहिलं. नातवाला म्हटलं, मला छावणीत ने. ती खोल्यांची रांग आता नाही, तिथं दुकानं आहेत. मी गाडीतच काच खाली करून बसले आणि बायका पोरींना हाका मारतात त्या ऐकत राहिले. प्रत्येक नाव क्षणभर धरून बघायची, हे का? नव्हे. हे? नव्हे. नातू म्हणाला, आजी, कुणाला शोधतेस? मी म्हटलं, ओळखीची बाई होती एक.

आणि परवा नातवाच्या मुलीचं बारसं झालं. आता काय, हॉल, फुगे, चमकीच्या अक्षरांत नाव लिहिलेली पाटी, फोटोवाला. नाव आईबापांनी मिळून ठरवलं होतं. नातसुनेला विचारलं होतं याचं मला बरं वाटलं. तिनंच हट्ट धरला की आत्याच्या आधी पणजीनं कानात सांगायचं. नाव मला पाठ होतं, सकाळपासून घोकून घेतलं होतं. त्यांनी पोर जवळ आणलं, त्या इवल्या कानाशी मी तोंड नेलं, आणि मला वाटलं, डोक्याला नसेल आठवत, पण तोंड जर त्या जागी गेलं तर तोंडाला आठवेल. म्हणून मी ठरलेलं नाव सांगितलं नाही, थांबले. थांबून राहिले. नुसता श्वास गेला तिच्या कानात. तिनं डोळे मिचकावले. मी मान वर केली तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आत्यानं नाव सांगितलं आणि बुक्क्या तिला बसल्या.

हे कागद पोस्टात टाकता यायचे नाहीत, हे मलाही कळतं. कब्रस्तानात मी जाऊ शकत नाही, आणि कुणाच्या हाती द्यायचे म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. माझ्या गादीखाली राहतील. पण तुमच्याशी खोटं नको, म्हणून एक सांगते. ते नाव होतं तोवर कणकेत हात घातला की छातीत कळ यायची, दूध साचल्यासारखी, एवढ्या वर्षांनीही. मध्यरात्री जाग यायची ती पहाटेपर्यंत. नाव गेलं तशी कळ थांबली. आता मला सलग झोप लागते, खाला, लेकराला लागते तशी. म्हणून आठवायला बसते खरी, पण फार जोर लावत नाही.